गल्ला कोणासाठी?



एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे मुलांच्या प्रथम कम्युनियनचे सोहळे होतात. पांढऱ्या पोशाखातल्या मुलामुलींच्या हातात नातेवाईक पाकिटे ठेवतात. कोणी शंभर रुपये देतो, कोणी पाचशे. मामा-मावशी, आजी-आजोबा यांचे पाकीट थोडे जड असते. रात्री पाहुणे गेले की पाकिटे उघडली जातात. पुढे त्या पैशांचे काय होते? काही घरांत ते मंडपवाल्याच्या आणि केटररच्या बिलात जातात. काही घरांत आठवड्याभरात सायकल किंवा मोबाइल येतो. काही घरांत वडील ती रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवतात आणि पावती कपाटात जाते.

तिसरा मार्ग आपल्याला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो आहेही. पण मुलाच्या जागी उभे राहून पाहिले तर तिन्ही घरांत एकच गोष्ट घडली: पैसे आले, मोठ्यांनी नेले, आणि आपल्याला कोणी काही विचारले नाही. तिसऱ्या घरात पैसा वाचला हे खरे, पण मुलाने तो वाचवला नाही. बचत झाली आणि बचतीची सवय मात्र लागली नाही.

म्हणून आज आपण दोन प्रश्नांचा विचार करू या. मुलाला बचत शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे? आणि त्याच्या आधीचा, ख्रिस्ती माणसाला टाळता न येणारा प्रश्न: साठवणे हा सद्गुण आहे, की लोभाची पहिली पायरी?

बायबलचे दोन आवाज

हा दुसरा प्रश्न आपण उगाच उकरून काढलेला नाही. तो पवित्र शास्त्रातच आहे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशी माणसाला मुंगीकडे पाठवले आहे. उन्हाळ्यात अन्न जमवणाऱ्या मुंगीकडून त्याने शहाणपण शिकावे. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवायला सांगतो. दुसरीकडे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो की, जिथे कसर आणि गंज नाश करतात आणि चोर घर फोडतात, त्या पृथ्वीवर धन साठवू नका (मत्तय ६). लूकच्या बाराव्या अध्यायात तर कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाला देव मूर्ख म्हणतो. मग रविवारी मिस्सात हे वाचून घरी गेलेल्या पालकांनी मुलाच्या हातात गल्ला द्यावा की काढून घ्यावा?

दोन्ही कोठारांकडे जरा नीट पाहू या. लूकमधला धनवान मनाशी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात दुसरे माणूसच नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, आणि शेवटी आपल्याच जिवाला विसावा घेण्याचे आमंत्रण! बायको नाही, मूल नाही, शेतात राबलेला मजूर नाही, शेजारी नाही. योसेफाचे कोठारही मोठेच होते, कदाचित कितीतरी मोठे. पण दुष्काळ पडला तेव्हा त्याने ते उघडले. मिसर देश त्यावर जगला, शेजारच्या देशांतले लोक तिथे धान्याला आले आणि त्यांत योसेफाला विकून टाकणारे त्याचे भाऊही होते. धान्य तेच, भिंती त्याच. एका कोठाराचे दार वेळ आल्यावर उघडते, दुसऱ्याचे कधीच उघडत नाही.

हीच गोष्ट निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आणखी बारकाईने आली आहे. अरण्यात रोज सकाळी मान्ना पडत असे. उद्या मिळेल की नाही या भीतीने ज्यांनी तो रात्रभर ठेवला, त्यांच्या मान्नाला किडे पडले. ही कथा आपण अनेकदा ऐकतो आणि तिथेच थांबतो. पण पुढे लिहिले आहे की सहाव्या दिवशी लोकांनी देवाच्या सांगण्यावरून दुप्पट मान्ना गोळा केला आणि शब्बाथासाठी ठेवला, आणि तो नासला नाही. एकच अन्न, एकच रात्र. भीतीपोटी ठेवले ते कुजले, विश्रांतीच्या आणि उपासनेच्या दिवसासाठी ठेवले ते टिकले.

प्रभू येशू आणि त्याच्या शिष्यांकडेही पैशांची एक पिशवी होती, हे आपण विसरतो. योहानच्या तेराव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी यहुदा उठून जातो, तेव्हा इतर शिष्यांना काय वाटते? पिशवी त्याच्याकडे असल्यामुळे, सणासाठी लागणारे काही आणायला किंवा गरिबांना काही द्यायला प्रभूने त्याला पाठवले असावे असे त्यांना वाटते. म्हणजे त्या पिशवीतून पैसे कशासाठी निघतात हे शिष्यांना पाठ होते: सर्वांच्या सणासाठी आणि गरिबांसाठी. पिशवी ठेवण्यात पाप नव्हते. पिशवी आपली समजण्यात होते.

तेव्हा पहिले उत्तर असे: साठवणे स्वतःहून पुण्यही नाही आणि पापही नाही. कशासाठी आणि कोणासाठी, यावर ते ठरते. आणि म्हणूनच मुलाला फक्त "साठव" एवढेच सांगणे अपुरे आहे.

सवय कशी लागते

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात एक साधी गोष्ट मांडली. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो. तसाच न्यायाची कृत्ये करत करत तो न्यायी होतो. सद्गुण उपदेशाने अंगी येत नाही, तो करून करून अंगवळणी पडतो. त्यामुळे लहानपणी लागणाऱ्या सवयीला त्याने फार महत्त्व दिले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार ख्रिस्ती जीवनाला लावला. दूरदृष्टी हा त्यांच्या मते विवेक या सद्गुणाचाच एक भाग आहे. मग उद्याची चिंता करू नका या प्रभूच्या वचनाचे काय? त्यावर त्यांचे उत्तर शेतकऱ्याला लगेच पटेल असे आहे. प्रत्येक ऋतूची आपली काळजी असते; पिकाची काळजी उन्हाळ्यात करावी, द्राक्षांच्या तोडणीची शरद ऋतूत. जी काळजी त्या त्या वेळची आहे ती करणे म्हणजे विवेक, आणि पुढच्या ऋतूची काळजी आजच उरावर घेणे ही प्रभूने निषेध केलेली चिंता. मुंगीही नेमक्या वेळी जमवते म्हणूनच तिचे कौतुक.

संत थॉमस आणखी एक गोष्ट सांगतात, ती पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उधळेपणा आणि कंजूषपणा हे दोन्ही दोष आहेत. पण त्या दोहोंत कंजूषपणा अधिक वाईट, असे ते म्हणतात. उधळ्याच्या हातून निदान इतरांचा फायदा होतो, आणि वय वाढले, खिसा रिकामा झाला की तो सुधारूही शकतो. कंजूषपणा मात्र वयाबरोबर वाढतच जातो. "आमचा मुलगा एक रुपया खर्च करत नाही," असे आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा थांबून पाहायला हवे. तो बहिणीच्या वाढदिवसालाही खर्च करत नाही का? मित्राला वडापाव देताना त्याचा हात मागे येतो का? तसे असेल तर त्याला बचतीची सवय लागलेली नाही, दुसरेच काहीतरी लागले आहे.

कोणी म्हणेल, मुलांना त्यांचे बालपण जगू द्या, हिशेब आयुष्यभर आहेतच. या म्हणण्यात तथ्य आहे. मुलाच्या डोक्यावर घराच्या कर्जाची चिंता घालणे अन्यायाचे आहे. पण बचतीत मूल शिकते ते वाट पाहायला. आज हवी असलेली वस्तू महिन्याने घेता येते आणि तोवर जग बुडत नाही, हे त्याला कळते. ज्याला वाट पाहता येत नाही, तो पुढे पैशाच्याच नव्हे तर अभ्यासाच्या, नात्यांच्या आणि प्रार्थनेच्या बाबतीतही अडखळतो.

एकट्याचा गल्ला, सर्वांचा गल्ला

ख्रिस्तसभेच्या इतिहासात लहान रकमांनी मोठी कामे केली आहेत, आणि त्यांतली पुष्कळ कामे मुलांनी आणि कामगारांनी केली आहेत. फ्रान्समधील लियाँ शहरात पोलीन जारिको या तरुणीने आठवड्याला एक सू, म्हणजे तिथले एक लहानसे नाणे, एवढ्या वर्गणीवर मिशनकार्यासाठी दहा-दहा जणांचे गट बांधले. त्यांत रेशमाच्या कारखान्यांतल्या कामगार मुली होत्या. त्यातूनच १८२२ साली श्रद्धाप्रसाराची मोठी संस्था उभी राहिली. २०२२ साली ख्रिस्तसभेने पोलीनला धन्यवादित घोषित केले. तिच्या कामापासून स्फूर्ती घेऊन बिशप शार्ल द फोर्बिन-जान्सन यांनी १८४३ साली मुलांसाठी पवित्र बालकांची संस्था सुरू केली. नियम दोनच होते: रोज एक 'नमो मारिया' आणि महिन्याला एक सू, दूर देशांतल्या अनोळखी मुलांसाठी.

संत जॉन बॉस्को यांच्याकडे तुरीन शहरात येणारी मुले तर बहुतेक गवंडीकाम, सुतारकाम शिकणारी, हातावर पोट असलेली. १८५० साली त्यांनी या मुलांची परस्पर साहाय्य संस्था काढली. दर रविवारी प्रत्येकाने एक सोल्दो द्यायचा, आणि कोणी आजारी पडला किंवा कोणाचे काम सुटले तर त्याला त्यातून मदत करायची. ही मुले बचतच करत होती, पण आपल्या पैशातून कदाचित आपलाच सोबती बरा होईल हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या वसईतही हेच घडले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने गावोगाव पतपेढ्यांना वाट करून दिली, आणि १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने येथे कॅथॉलिक पतपेढी सुरू झाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. वाडीवाल्यांची लहान बचत एकत्र आली म्हणून कोणाच्या तरी अडीनडीला कर्ज मिळू शकले. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण मुलांना शिकवतो. त्या तळ्याचे पाणी कोण पिणार, हेही त्यांना शिकवायला हवे.

मुले घरात काय पाहतात

सवय करून लागते, तशीच ती पाहूनही लागते. आपल्या आया-आज्यांनी तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत पैसे ठेवले. भाजीच्या आणि फुलांच्या विक्रीतून उरलेले दोन पैसे मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला, घरात मयत झाली तर त्या दिवसाला उपयोगी पडले. बायकांच्या भिशीने किती घरांची शाळेची फी वेळेवर भरली याची कुठेही नोंद नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा हे डबे उघडावे लागले. कित्येक बायकांना आपली गुपचूप बचत नवऱ्यासमोर ठेवावी लागली. कसर आणि गंज यांबद्दल प्रभूने सांगितले ते त्या आठवड्यात नव्याने समजले. ज्यांचा सारा विश्वास डब्यावर होता त्यांचा धीर सुटला. ज्यांच्यासाठी तो डबा मुलांच्या भल्याचे साधन होता त्या रांगेत उभ्या राहिल्या, नोटा बदलून घेतल्या आणि पुन्हा साठवू लागल्या.

आजच्या मुलांपुढे वेगळी अडचण आहे. त्यांना पैसा दिसतच नाही. आई फोन पुढे करते, दुकानदाराच्या डब्यातून रक्कम मिळाल्याचा आवाज येतो आणि बिस्किटाचा पुडा हातात पडतो. पैसे संपतात म्हणजे काय, हे मुलाच्या डोळ्यांना कळत नाही. गल्ल्यात टाकायला घरात सुटे नाणेही नसते. त्यात टीव्ही हप्त्यावर, फोन हप्त्यावर, सहल हप्त्यावर. आणि लग्न? अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण मुलांना निबंधात लिहायला सांगतो, आणि लग्नाच्या हॉलचे, बँडचे, जेवणाचे आकडे ठरवताना मात्र शेजारच्याचे अंथरूण पाहतो. वाडवडिलांनी पाणी शेंदून जगवलेली वाडी विकली आणि आलेला पैसा चार-पाच वर्षांत बंगल्यात, गाडीत आणि लग्नात संपला, अशी उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. नावे घेण्याची गरज नाही. त्या घरांतल्या मुलांनी बचतीबद्दल काय ऐकले यापेक्षा त्यांनी काय पाहिले हेच त्यांच्या लक्षात राहणार.

ज्यांच्याकडे उरतच नाही

एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. बचतीचा उपदेश उरणाऱ्याला करता येतो. आपल्या परिसरातल्या वीटभट्ट्यांवर काम करणारी कातकरी कुटुंबे पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर मुलाबाळांसह ती फेडत राहतात. उचल म्हणजे बचतीच्या बरोबर उलट गोष्ट. उद्याचे श्रम आजच विकून टाकलेले असतात. अशा माणसाला "तू बचत का करत नाहीस?" असे विचारणे ही क्रूर थट्टा आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात हा क्रम नीट लावून दिला आहे. कामगाराला स्वतःचे आणि बायकामुलांचे पोट नीट भरेल एवढे वेतन मिळाले, तर तो विचारी माणूस असल्यास काटकसर करील, थोडे मागे टाकील आणि स्वतःची छोटीशी मालमत्ता उभी करील, असे ते म्हणतात. आधी न्याय्य वेतन, मग बचत. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना याच पूर्वसूरींची आठवण केली होती. तेव्हा आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या पगारातून सुट्टीचे दिवस कापून आपण आपल्या मुलाच्या नावाने ठेव वाढवत असू, तर ती बचत म्हणता येणार नाही. ते दुसऱ्याच्या मुलाचे पैसे आहेत.

पालकांसाठी काही सूचना

पाच-सहा वर्षांच्या मुलाला काचेची बरणी द्यावी, म्हणजे भरत जाणारी नाणी त्याला दिसतील. त्यासाठी घरात मुद्दाम थोडे व्यवहार रोखीने करावेत. उद्दिष्ट जवळचे असावे, रंगपेटी किंवा चेंडू. या वयात एक वर्ष म्हणजे अनंतकाळ असतो.

गल्ला उघडण्याचा दिवस आधीच ठरवावा आणि त्या दिवशी तो उघडावाच. मुलाने घेतलेली वस्तू आपल्याला फालतू वाटली तरी त्याला ती घेऊ द्यावी. दोन दिवसांत मोडलेले खेळणे त्याला जे शिकवील ते आपले तासभराचे प्रवचन शिकवणार नाही.

त्याच गल्ल्यातला एक भाग दुसऱ्यासाठी असावा, आणि तो कोणाला द्यायचा हे मुलाने सुचवावे. प्रायश्चित्तकाळात आपण दानासाठी पैसे बाजूला ठेवतो. त्यासाठी आई-बाबांनी आदल्या रात्री नोट काढून दिली तर त्याग आई-बाबांचा झाला. मुलाने आइस्क्रीम सोडून वाचवलेले दहा रुपये मोलाने अधिक आहेत.

मुलाच्या गल्ल्यातून घरखर्चासाठी पैसे घ्यावे लागले, तर त्याला विचारून घ्यावेत, वहीत लिहून ठेवावेत आणि ठरल्या दिवशी परत करावेत. महिनाअखेरीला अशी वेळ पुष्कळ घरांवर येते, त्यात लाज नाही. पण न विचारता काढलेले आणि परत न केलेले शंभर रुपये मुलाला एकच धडा देतात: साठवलेले मोठे लोक नेतात, तेव्हा हातात आले की उडवावे.

घरातल्या प्रत्येक कामाचे पैसे मुलाला देऊ नयेत. आजीला पाणी नेऊन देण्याचा दर ठरला, की आजी गिऱ्हाईक झाली.

दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून ते चालवता येते. बँकांनाही अशा मुलांना स्वतंत्र खाते देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या परिपत्रकात दिली आहे. मुलाला सोबत न्यावे, स्लिप त्यालाच भरू द्यावी, पासबुक त्याच्याजवळ असू द्यावे. आणि दहावीच्या सुमारास मुलांना घराचा महिन्याचा हिशेब एकदा बसून दाखवावा: किती येते, कुठे जाते, कोणते कर्ज आहे. मुले घाबरत नाहीत. उलट आपल्यावर विश्वास ठेवला गेला याचा त्यांना अभिमान वाटतो.

या आठवड्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर मुलांना जवळ घेऊन फक्त एक प्रश्न विचारावा: "तू जमवतोस ते कशासाठी?" उत्तर सायकल असेल, चप्पल असेल, आईसाठी काही असेल. कदाचित उत्तर नसेलही. घाईने दुरुस्त करू नये. मग मुलाने आपल्याला तोच प्रश्न उलट विचारला, तर आपल्यापाशी काय उत्तर आहे, ते मात्र आधी ठरवून ठेवावे.

प्रभू आपल्या घरांना पुरेसे देवो, आणि पुरेसे म्हणजे किती हे ओळखण्याची बुद्धीही देवो.